विश्लेषण : फाइल समोर दिसते, मग पायथनला ‘सापडत नाही’ का?

ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचे पाणी कालव्यांतून हदगाव तालुक्यात येते. कोणत्या शिवारात हळद आहे, कुठे सोयाबीन, कुठे कापूस, कालव्याच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते की मध्येच संपते, हे नकाशावर मांडणे हा इथल्या कॉलेजातल्या मुलामुलींसाठी नुसता प्रोजेक्ट नसतो, घरातला विषय असतो. त्यासाठी लागणारे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याला पायथन भाषेत स्वतःचे प्लगइन, म्हणजे जोडकार्यक्रम, लिहून जोडता येतात. महिनाभर खपून असे प्लगइन तयार होते, लॅपटॉपवर एकदा चालतेही. मग ते क्यूजीआयएसमध्ये टाकले की लाल अक्षरांत ओळ येते : ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’. आणि ज्या फाइलचे नाव घेऊन ती ओळ तक्रार करते, ती फाइल तर त्याच फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असते.

पुण्याच्या कंपनीत शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारून हा गुंता पाच मिनिटांत सुटतो. तालुक्याच्या गावी शेजारी कुणी नसते. मग आधी पायथन काढून पुन्हा टाकला जातो, मग क्यूजीआयएस. विंडोजसाठीचा त्याचा इन्स्टॉलरच एक जीबीच्या घरात जातो, म्हणजे मोबाइलचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो. चूक मात्र जागची हलत नाही, कारण चूक बहुधा इन्स्टॉलेशनमध्ये नसतेच. ती पत्त्यात असते. (या लेखातील आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

पायथन नेमका शोधतो कुठे?

रेशनच्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस गावात राहत नाही, असे होत नाही. नाव यादीत नाही, एवढेच ते सांगते. पायथनचेही तसेच आहे. प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट मोजणी’ असे लिहिले की तो सगळी हार्ड डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याजवळ फोल्डरांची एक यादी असते, ‘सिस डॉट पाथ’ नावाची. त्या यादीतील फोल्डर तो वरून खाली, क्रमाने पाहतो. पहिल्या फोल्डरमध्ये ‘मोजणी डॉट पीवाय’ ही फाइल किंवा ‘मोजणी’ नावाचे पॅकेज मिळाले तर शोध तिथेच थांबतो. शेवटपर्यंत काहीच मिळाले नाही तर लाल ओळ येते. म्हणून ‘फाइल आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते यादीत आहे का, हे विचारायला हवे.

ही यादी कोण बनवते? तुम्ही ‘पायथन मेन डॉट पीवाय’ असे चालवले, तर ‘मेन’ ही फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर यादीत पहिल्या क्रमांकावर जाते. त्यानंतर ‘पायथनपाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काही लिहिले असेल तर ते, मग पायथनची स्वतःची ग्रंथसंपदा, आणि शेवटी ‘साइट-पॅकेजेस’, म्हणजे पिपने आणलेली पॅकेजेस जिथे राहतात ती जागा. यातला पहिला क्रमांक लक्षात ठेवावा. आपल्या प्लगइनची बहुतेक रडकथा तिथूनच सुरू होते.

एकट्याने चालते, क्यूजीआयएसमध्ये नाही. असे का?

समजा, प्लगइनच्या फोल्डरचे नाव ‘हळदनकाशा’. त्यात दोन फाइली, ‘मेन’ आणि ‘मोजणी’. ‘मेन’मध्ये पहिल्याच ओळीत लिहिले आहे : ‘इम्पोर्ट मोजणी’. व्हीएस कोडमध्ये ‘मेन’ उघडून रनचे बटण दाबले की यादीच्या पहिल्या क्रमांकावर ‘हळदनकाशा’ हे फोल्डर बसते. ‘मोजणी’ त्यातच असल्याने लगेच सापडते. विद्यार्थी खूश.

क्यूजीआयएस मात्र ‘मेन’ थेट चालवत नाही. त्याच्या यादीत ‘प्लगइन्स’ हे मोठे फोल्डर असते. विंडोजवर ते वापरकर्त्याच्या ॲपडेटा, रोमिंग, क्यूजीआयएस, क्यूजीआयएस ३, प्रोफाइल्स, डिफॉल्ट, पायथन अशा सात पायऱ्या उतरून खाली मिळते. या ‘प्लगइन्स’मध्ये ‘हळदनकाशा’ हे फोल्डर असते आणि क्यूजीआयएस ते एक पॅकेज म्हणून आत घेतो. ‘प्लगइन्स’ यादीत आहे, ‘हळदनकाशा’ नाही. त्यामुळे ‘इम्पोर्ट मोजणी’ म्हटल्यावर पायथन ‘प्लगइन्स’च्या उंबऱ्यावर उभा राहून ‘मोजणी’ला हाक मारतो. ती घरात आतल्या खोलीत आहे, ओसरीवर नाही. हाक ऐकू जात नाही.

उपाय एका टिंबाचा आहे. ‘इम्पोर्ट मोजणी’ऐवजी ‘फ्रॉम डॉट इम्पोर्ट मोजणी’ लिहावे. मोजणीतले एखादेच फंक्शन हवे असेल तर ‘फ्रॉम डॉट-मोजणी इम्पोर्ट’ आणि पुढे फंक्शनचे नाव. हा डॉट म्हणजे ‘मी ज्या पॅकेजमध्ये आहे, त्यातच बघ’. पायथन २ मध्ये डॉट न लिहिताही शेजारची फाइल मिळत असे. पायथन ३ ने ती सवलत बंद केली. इंटरनेटवरचे जुने धडे वाचून लिहिलेला प्रोग्राम इथे हमखास अडकतो.

पण डॉट टाकल्यावर नवे दुखणे सुरू होते. आता क्यूजीआयएसमध्ये प्लगइन चालते आणि व्हीएस कोडचे रन बटण दाबले की ओरड होते : ‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पॅरेंट पॅकेज’. पुष्कळ जण इथे हताश होऊन डॉट काढून टाकतात, मग पुन्हा पहिली चूक येते, आणि संध्याकाळभर डॉट ये-जा करत राहतो. दुसऱ्या चुकीचा अर्थ सरळ आहे. फाइल थेट चालवल्यावर तिला आपण कोणत्या पॅकेजमधले आहोत हेच माहीत नसते, मग ‘माझ्याच पॅकेजमध्ये बघ’ याला अर्थ उरत नाही. अशा वेळी डॉटला हात लावू नये, चालवण्याची पद्धत बदलावी. टर्मिनलमध्ये एक पायरी वर, म्हणजे ‘हळदनकाशा’च्या बाहेरच्या फोल्डरमध्ये जावे आणि ‘पायथन डॅश एम हळदनकाशा डॉट मेन’ अशी आज्ञा द्यावी. ‘डॅश एम’ वापरले की पायथन आधी पॅकेज ओळखतो आणि मग फाइल चालवतो. डॉटही राहतो, चाचणीही होते. अर्थात ‘मेन’मध्ये क्यूजीआयएसचीच साधने वापरली असतील, तर ती बाहेरच्या पायथनला सापडणार नाहीत. म्हणून हिशेबाचा, आकडेमोडीचा भाग ‘मोजणी’सारख्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि बाहेर तेवढाच तपासावा.

संगणकात पायथन किती?

एक आहे असे वाटते, तिथे बरेचदा दोन-तीन निघतात. पायथनच्या संकेतस्थळावरून उतरवलेला एक, ॲनाकोंडाबरोबर आलेला दुसरा, आणि विंडोजवर क्यूजीआयएसने स्वतःच्या पोटात आणलेला तिसरा. प्रत्येकाची यादी वेगळी, साइट-पॅकेजेस वेगळे. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ केले की पॅकेज पहिल्याच्या घरी जाते. क्यूजीआयएस तिसऱ्याच्या घरी शोधतो. पॅकेज ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ झालेले असते आणि तरीही सापडत नाही, याचे हे सर्वांत नेहमीचे कारण.

क्यूजीआयएसच्या प्लगइन मेनूत पायथन कन्सोल आहे. तो उघडून ‘इम्पोर्ट सिस’ आणि मग ‘प्रिंट’ करून ‘सिस डॉट व्हर्जन’ व ‘सिस डॉट पाथ’ बघावे. हेच बाहेरच्या पायथनमध्ये करून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. फरक दिसला की निम्मे काम झाले. क्यूजीआयएसच्या पायथनसाठी पॅकेज हवे असेल तर स्टार्ट मेनूत क्यूजीआयएससोबतच आलेला ‘ओएसजीओफोरडब्ल्यू शेल’ उघडून तिथे ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. नुसते ‘पिप’ न म्हणता ‘पायथन डॅश एम पिप’ म्हणण्याची सवय सगळीकडेच चांगली. ज्या पायथनला हाक मारली, त्याच्याच घरी सामान उतरते.

बाहेरच्या पायथनचे साइट-पॅकेजेस फोल्डर कॉपी करून क्यूजीआयएसमध्ये आणणे हा उपद्व्याप टाळावा. नमपायसारखी पॅकेजेस पायथनच्या विशिष्ट आवृत्तीसाठी तयार झालेली असतात. ३.१२ साठीची फाइल ३.९ ला चालत नाही आणि मग चुकीचा संदेश इतका गूढ येतो की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

उबुंटूवर काम करणाऱ्यांना वेगळा अडथळा येतो. २०२३ पासूनच्या उबुंटू व डेबियनमध्ये थेट पिप चालवले तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असे म्हणून नकार मिळतो. इंटरनेटवर त्याला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाचा जोर लावण्याचा पर्याय सुचवला जातो. त्या पर्यायाचे नावच पुरेसे बोलके आहे. ‘पायथन३ डॅश एम व्हेन्व्ह’ने वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे. क्यूजीआयएसची पॅकेजेस त्यात दिसायला हवी असतील तर ते बनवताना ‘सिस्टिम साइट पॅकेजेस’ हा पर्याय जोडावा.

‘नाही सापडले’ म्हणजे ‘इन्स्टॉल करा’?

इथे गंमत संपते. ‘नो मॉड्यूल नेम्ड अमुक’ असे आले की लगेच ‘पिप इन्स्टॉल अमुक’ टाइप करणे हा बहुतेकांचा पहिला प्रतिसाद असतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. ‘अमुक’ हे तुमच्याच फाइलचे नाव असेल, तर पायपीआय या सार्वजनिक भांडारात त्या नावाचे कुणा अनोळखी माणसाचे पॅकेज असू शकते. ते उतरते, इन्स्टॉल होतानाच त्यातला कोड तुमच्या संगणकावर चालू शकतो, आणि ‘इम्पोर्ट’ची चूकही नाहीशी होते. आपला प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात परक्याला घरात घेतलेले असते.

हे काल्पनिक भय नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की मोठमोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावे वापरून सार्वजनिक भांडारात पॅकेज ठेवले, तर त्या कंपन्यांचे संगणक ते आपणहून उतरवून घेतात. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही त्यातून सुटल्या नव्हत्या. नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून सापळा लावण्याचे प्रकारही पायपीआयवर वारंवार पकडले गेले आहेत. ज्या लॅपटॉपवर घरच्यांची बँकेची कामे होतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, त्यावर हा जुगार खेळू नये.

शिवाय खऱ्या पॅकेजांतही आत घ्यायचे नाव आणि इन्स्टॉल करायचे नाव वेगळे असू शकते. ‘सीव्ही२’ हवे असेल तर इन्स्टॉल ‘ओपनसीव्ही-पायथन’ करायचे. ‘पीआयएल’साठी ‘पिलो’, ‘यामल’साठी ‘पायवायएएमएल’, ‘एसकेलर्न’साठी ‘सायकिट-लर्न’. म्हणून पॅकेजचे अधिकृत पान उघडून तिथली आज्ञा वाचावी. चूक दाखवणारे नाव आपल्या स्वतःच्या फाइलचे असेल तर पिपला हातच लावू नये.

नावातच घोळ असेल तर?

विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते. नोटपॅडमध्ये ‘मोजणी डॉट पीवाय’ म्हणून जतन केलेली फाइल प्रत्यक्षात ‘मोजणी डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ असू शकते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू केले की पितळ उघडे पडते. अक्षरांची चढउतारही महत्त्वाची. विंडोज मोठ्या-लहान रोमन अक्षरांत फरक करत नाही, पायथन मात्र विंडोजवरही करतो. फोल्डरच्या नावात डॅश असेल तर ‘इम्पोर्ट’च्या ओळीत पायथन त्याला वजाबाकीचे चिन्ह समजतो. तिथे अंडरस्कोर वापरावा.

व्हॉट्सॲपवर मित्राने झिप पाठवली, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केले, की फोल्डरच्या आत त्याच नावाचे आणखी एक फोल्डर तयार होते. बाहेरच्याला क्यूजीआयएस प्लगइन समजून उघडू पाहतो आणि आत त्याला हवी ती ‘इनिट’ फाइल आणि ‘मेटाडेटा डॉट टीएक्सटी’ मिळत नाही. आतले फोल्डर उचलून बाहेर ठेवले की काम होते. हे कारण इतके साधे आहे की तज्ज्ञही ते सर्वांत शेवटी तपासतात.

याच्या उलट प्रकारही होतो. फाइल सापडते, पण भलतीच. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की पोस्टमन पहिल्या घरी पत्र टाकून मोकळा होतो. तुम्ही आपल्या सरावाच्या फाइलचे नाव ‘रँडम डॉट पीवाय’ ठेवले, तर यादीत तुमचे फोल्डर आधी असल्याने पायथनचे मूळ ‘रँडम’ झाकले जाते आणि ‘इम्पोर्ट एरर’ किंवा ‘ॲट्रिब्यूट एरर’ अशी वेगळीच तक्रार येते. ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ पासून अशा वेळी नाव बदलण्याची सूचना संदेशातच मिळते. जुन्या आवृत्तीत मात्र स्वतः शोधावे लागते : मॉड्यूल आत घेऊन त्याचे ‘डबल अंडरस्कोर फाइल’ छापून बघा, ते कोणत्या फोल्डरमधून आले हे कळते.

मराठीत फाइलींची, चलांची नावे देता येतील का, असा प्रश्न हमखास येतो. येतील. २००८ मधील पायथन ३.० पासून देवनागरी नावे चालतात. एक मेख मात्र आहे. काही कीबोर्ड ‘शेतकऱ्या’तला तो खास मराठी अर्धा र लिहिताना मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घुसवतात. पायथन ते चिन्ह नावात स्वीकारत नाही, आणि डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही. तोवर नावे रोमनमध्ये आणि टिपा मराठीत, हा व्यवहार्य मार्ग.

कायमचा बंदोबस्त काय?

पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो की प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘सिस डॉट पाथ डॉट ॲपेंड’ लिहून आपले फोल्डर यादीत घालावे. चूक कुठे आहे हे तपासायला ते ठीक. पण त्या ओळीत तुमच्या लॅपटॉपचा पत्ता कोरलेला असतो. प्रकल्प सादर करताना परीक्षकाच्या संगणकावर ‘सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचे नाव’ हे फोल्डर नसते, आणि जे घरी चालले ते तिथे बंद पडते. गुण जातात ते असे.

सर्वसाधारण पायथन प्रकल्पासाठी सरळ मार्ग असा : मुळाशी ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ ही छोटी फाइल ठेवावी, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करावे आणि ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट’ ही आज्ञा द्यावी. यातला ‘डॅश ई’ महत्त्वाचा. त्याने फाइली कॉपी होत नाहीत, तुमच्या फोल्डरचा पत्ता यादीत नोंदवला जातो. कोडमध्ये बदल केला की तो लगेच लागू. अपवाद एवढाच की प्लगइनची नोंद ‘एंट्री पॉइंट’ म्हणून केली असेल आणि त्या नोंदीत बदल केला, तर हीच आज्ञा पुन्हा द्यावी लागते.

क्यूजीआयएससाठी याहून सोपी सोय आहे. ‘क्यूजीआयएस प्लगइनपाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तुमचे कामाचे बाहेरचे फोल्डर लिहिले की क्यूजीआयएस तिथलीही प्लगइन्स वाचतो. त्या सात पायऱ्या उतरून दर वेळी कॉपी करण्याची गरज राहत नाही. प्लगइन बिल्डरने बनवलेल्या सांगाड्यात ‘रिसोर्सेस’ नावाचे मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार आली, तर ती फाइल अजून तयारच झालेली नाही असे समजावे. ‘रिसोर्सेस डॉट क्यूआरसी’वर ‘पायआरसीसी५’ चालवले की ती तयार होते. आणि ‘पायक्यूटी५’ थेट आत न घेता ‘क्यूजीआयएस डॉट पायक्यूटी’मधून घ्यावे. क्यूजीआयएस आता क्यूटी ६ कडे वळले आहे, तिथे जुनी ओळ पुन्हा हीच लाल अक्षरे दाखवील.

हे दुखणे नकाशांपुरते नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेल्या ‘मायावी’ या त्रिमितीय चित्रणाच्या पायथन सॉफ्टवेअरमध्येही वापरकर्ता स्वतःची भर घालू शकतो. तिथे ‘यूजर मायावी’ नावाची फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि मायावी सुरू होताना ते फोल्डर आपणहून यादीत घालतो. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत डेटाच्या कामासाठी एअरफ्लो वापरतात. त्याचे ‘प्लगइन्स’ फोल्डरही यादीत असते, म्हणून आपले पॅकेज थेट त्याच्या नावाने आत घ्यायचे. ‘एअरफ्लो डॉट ऑपरेटर्स डॉट’ अशी लांबट वाट आवृत्ती २.० मध्ये बंद झाली. मुलाखतीत हा प्रश्न आला, तर हदगावात क्यूजीआयएसशी झगडलेल्याला उत्तर आधीच माहीत असते.

सगळे दुरुस्त केले, तरी तीच चूक?

पायथन एकदा आत घेतलेले मॉड्यूल स्मरणात ठेवतो आणि पुन्हा मागितले की फाइल न वाचता स्मरणातलेच देतो. क्यूजीआयएस उघडे ठेवून फाइल सुधारली तर जुनीच प्रत चालू राहू शकते. यासाठी ‘प्लगइन रीलोडर’ हे तयार प्लगइन मिळते, किंवा क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडावे. संदेशात ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ असे शब्द असतील तर प्रकरण बहुधा पत्त्याचे नाही. दोन फाइली एकमेकींना आत घेऊ पाहत आहेत. दोघींना लागणारा भाग तिसऱ्या फाइलमध्ये न्यावा.

आणि कुणाला विचारायची वेळ आलीच, तर मोबाइलवर स्क्रीनचा तिरका फोटो काढून फक्त शेवटची ओळ पाठवू नये. क्यूजीआयएसच्या चुकीच्या खिडकीत पायथनची आवृत्ती आणि फोल्डरांची पूर्ण यादी खाली छापलेली असते. तो सगळा मजकूर कॉपी करून पाठवावा, फक्त त्यातले आपले नाव किंवा पासवर्ड आधी पुसावेत. पायथन मुळापासून शिकायचा असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे धडे मोफत आहेत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या प्रकल्पाचे धडे मिळतात, आणि ते एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही बघता येतात.